दहा हजार ओहमची रेघ

सुरतेतल्या कतारगामच्या हिऱ्याचा निर्यात-नियंत्रणाशी संबंध काय, असे कुणी विचारले तर वासेनार व्यवस्थेच्या यादीतले एक कलम पुढे करावे. नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना येणाऱ्या मालाची ही यादी. त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातल्या या कलमाचा आशय मराठीत असा:

उच्च रोधकतेची द्रव्ये: सिलिकॉन कार्बाइड, गॅलियम नायट्राइड, अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड, अ‍ॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइड, गॅलियम ऑक्साइड किंवा हिरा यांची अर्धवाहक सबस्ट्रेट्स, अथवा त्या द्रव्यांचे इन्गॉट, बूल वा अन्य पूर्वरूपे, ज्यांची रोधकता 20 अंश सेल्सिअसला 10,000 ओहम-सेंटिमीटरहून जास्त आहे.

‘उच्च रोधकतेची द्रव्ये’: रडारची चिप ज्या चकतीवर बसते ती वीज झिरपू देणारी असली तर उच्च वारंवारतेचा संकेत वाटेतच मरतो. म्हणून तळाचा पाट वीजरोधकच हवा. कलमाचा रोख पहिल्याच शब्दांत कळतो. त्याला दागिन्याशी देणेघेणे नाही. रडार आणि क्षेपणास्त्राचा शोधक यांच्याशी आहे.

‘किंवा हिरा’: आधी यादीत पहिली चारच द्रव्ये होती. गॅलियम ऑक्साइड आणि हिरा डिसेंबर 2021 च्या बैठकीत आले. त्याच फेरीत दाबवृद्धी ज्वलनाचे तंत्रज्ञानही नियंत्रणाखाली आले; त्याचा उपयोग रॉकेट आणि अतिवेगवान क्षेपणास्त्रांच्या इंजिनांना होऊ शकतो. अमेरिकेने ऑगस्ट 2022 मध्ये हे सगळे आपल्या नियमांत घातले.

इथे जरा थांबायला हवे. वासेनारचे निर्णय 42 देशांच्या एकमताने होतात आणि डिसेंबर 2017 पासून भारत त्यांत आहे. म्हणजे ‘हिरा’ हा शब्द भारताच्या संमतीशिवाय यादीत चढलाच नसता. क्षेपणास्त्र-तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा इतिहास याच्या उलटा आहे. 1987 मध्ये सात देशांनी ती उभी केली आणि भारत दाराबाहेर राहिला. 1992 मध्ये इस्रो आणि रशियाच्या ग्लाव्हकॉसमॉसवर क्रायोजेनिक इंजिनाच्या करारापायी अमेरिकेने निर्बंध लादले. पुढे इंजिने आली, तंत्रज्ञान आले नाही. त्या व्यवस्थेत भारत 2016 च्या जूनमध्ये शिरला, तोही आदल्या वर्षी इटलीने अडवल्यानंतर. भारतात अटक झालेल्या इटालियन नौसैनिकांचे प्रकरण त्या वेळी ताजे होते. आता भारत वासेनारच्या टेबलाशी बसला आहे खरा, पण टेबलावर सुरतेच्या कारखानदाराचा माल मांडला गेला तेव्हा त्याला कुणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

‘अर्धवाहक सबस्ट्रेट्स’: कलमातला सगळ्यांत राबणारा शब्द हाच, आणि का, ते शेवटच्या आकड्याशी कळेल.

‘इन्गॉट, बूल वा अन्य पूर्वरूपे’: वायूतून हिरा वाढवणारे सीव्हीडीचे मशीन उघडून पाहिले तर धारकावर सीडांच्या, म्हणजे बीज-हिऱ्यांच्या, ओळी दिसतात. मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मात त्यांवर थरावर थर चढत जातो, आणि कडेने काळी, खरबरीत किनार वाढते. लेसरने किनार छाटायची, सीड वेगळे करायचे. उरते ती रफ. ती घंटीवर जाऊन पैलू पडले की सॉलिटेअर. तोच ठोकळा पातळ, सपाट चकत्यांत चिरून चकचकीत केला की सबस्ट्रेट. मग मशीनमधून नुकताच निघालेला ठोकळा कशाचे पूर्वरूप? भौतिकशास्त्राने याचे उत्तर मिळत नाही. ऑर्डर कुणाची आणि कशासाठी, यावरून मिळते. भारताच्या स्कोमेट या निर्यात-नियंत्रण यादीचा आठवा विभाग वासेनारशी जुळवलेला आहे आणि त्याचा परवाना विदेश व्यापार महासंचालनालयाकडे मागावा लागतो. पण आपला माल यादीत बसतो की नाही, हे आधी निर्यातदारानेच ताडायचे. कतारगामात कॅरेट, रंग, क्लॅरिटी डोळे मिटून सांगणारी माणसे सापडतील. ओहम मोजणारी शोधावी लागतील.

‘10,000 ओहम-सेंटिमीटरहून जास्त’: खरी गोम इथे आहे. सिलिकॉन कार्बाइडच्या बाबतीत हा आकडा चोख काम करतो. विजेच्या मोटारीच्या इन्व्हर्टरमध्ये जाणारे कार्बाइड वीजवाहक असते, त्याची रोधकता एका ओहम-सेंटिमीटरच्याही पुष्कळ खाली. रडारचे कार्बाइड लाखाच्या वर. दहा हजारांची रेघ दोघांच्या मधोमध पडते. मोटार सुटते, रडार अडते.

2021 मध्ये हिरा त्याच रेघेखाली आणून ठेवला. पण शुद्ध हिरा मुळातच विसंवाहक: एकावर तेरा शून्ये, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे आकडाच पाहिला तर लग्नाच्या अंगठीतला खडाही पात्र ठरतो. आणि बोरॉनमुळे वीज वाहून नेणारा निळा हिरा, जो खऱ्या अर्थाने अर्धवाहक, तो बहुधा रेघेखालून निसटतो! कार्बाइडसाठी आखलेली रेघ हिऱ्याकडे वारशाने आली आणि इथे तिला कामच उरले नाही. सगळा भार ‘सबस्ट्रेट’ या एका शब्दावर, म्हणजे आकारावर आणि हेतूवर पडला.

क्षेपणास्त्रांच्या व्यवस्थेत आकड्याला वजन आहे: 500 किलोचा भार, 300 किलोमीटरचा पल्ला. पटो न पटो, मोजता येतो. ब्रह्मोसचा पल्ला 290 सांगितला जाई तो त्यामुळेच, आणि भारत सदस्य झाल्यावर 2017 मध्ये वाढीव पल्ल्याची चाचणी झाली. हेतू मात्र कोणत्याही मीटरवर उमटत नाही. हिऱ्यासाठी चकतीची जाडी, व्यास, पृष्ठाचा खडबडीतपणा यांपैकी काही मापे घातली असती तर कारखानदाराला पट्टी लावून पाहता आले असते.

‘20 अंश सेल्सिअसला’: प्रयोगशाळेची शिस्त. सुरतेच्या मे महिन्यात हे तापमान एसीतच भेटते.

कलमात जे नाही तेही वाचावे लागते. मशीनचा इथे उल्लेख नाही. चीनने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केलेल्या आणि 15 सप्टेंबरपासून लागू केलेल्या यादीत मात्र तो आहे: हिरा घडवणारे सहा-बाजूंचे प्रेस, 10 किलोवॅटच्या वरची मायक्रोवेव्ह सीव्हीडी यंत्रे, शिवाय हिऱ्याच्या खिडक्यांचे साहित्य. वॅट मोजता येतात, तेव्हा तिथे हेतूचा घोळ कमी. पण ती यादी वासेनारच्या व्हिएन्नातल्या बैठकांत घासाघीस होऊन ठरलेली नाही. चीन वासेनारचा सदस्यच नाही. कतारगामच्या कारखानदाराने हरकत घ्यायची म्हटली तर ती मांडायला चीनच्या यादीपुढे भारतालाही खुर्ची नाही.