सिल्व्हर स्प्रिंग्जमधील ऊर्जाप्रवाह

सिल्व्हर स्प्रिंग्ज : अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात ओकाला शहराजवळचा मोठा झरासमूह. यातून निघणारी सिल्व्हर नदी ओक्लावाहा नदीला मिळते. परिसंस्थेत ऊर्जा कोठून येते, कोणाच्या वाट्याला किती जाते आणि अखेर कशी खर्ची पडते, याचा वर्षाचा ताळेबंद ज्या मोजक्या ठिकाणी सर्वप्रथम मांडला गेला, त्यांत या झऱ्याचे नाव अग्रभागी आहे. हॉवर्ड टी. ओडम (१९२४–२००२) यांचा हा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्थळ : चुनखडकातील भूजल येथे वर येते. पाण्याचे तापमान वर्षभर २३° से. च्या आसपास राहते आणि रासायनिक घटकही फारसे बदलत नाहीत. तळ्यात किंवा समुद्रात तापमान, क्षार व प्रकाश एकाच वेळी बदलत असल्याने कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला हे वेगळे काढणे कठीण जाते. येथे मुख्यतः प्रकाश बदलतो. अभ्यासाच्या दृष्टीने हीच या जागेची मोठी देणगी होय. पाणी इतके नितळ की १८७० च्या दशकापासून पर्यटकांना काचेच्या तळाच्या होड्यांतून फिरवले जाते. तळावर सॅजिटेरिया या पाणवनस्पतीची पट्ट्यासारखी लांब पाने प्रवाहाच्या दिशेने पसरलेली असतात व त्यांवर शैवालांचा दाट थर असतो. उत्पादकांत या थराचा वाटा मोठा आहे. नुसती पाने मोजून हिशोब लागत नाही.

मापन : उगमाशी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी असतो. तेच पाणी वनस्पतींवरून वाहत खाली गेले की दिवसा त्यात प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजनची भर पडते, रात्री केवळ श्वसन चालते. वरच्या व खालच्या ठिकाणच्या प्रमाणांतील फरकाला प्रवाहाच्या आकारमानाने गुणले आणि हवेशी होणारी देवघेव वजा केली की त्या पट्ट्यातील संपूर्ण जीवसमूहाचा व्यवहार हाती येतो. एकही मासा पकडावा लागत नाही. पोषणपातळ्यांची विभागणी करण्यासाठी मात्र प्राण्यांची वजने व त्यांचे श्वसन वेगळे मोजावे लागले. कासवे, गोगलगायी, कीटक व शाकाहारी मासे एका पातळीवर, छोटे मांसाहारी मासे त्यावर आणि बास, गार यांसारखे मोठे शिकारी मासे सर्वांत वर, अशी मांडणी केली गेली. अनेक प्राणी दोन्ही प्रकारचे अन्न खातात, त्यामुळे ही विभागणी ढोबळच मानावी लागते. विघटकांचे मापन सर्वांत अवघड.

ताळेबंद : पुढील सर्व आकडे दर चौरस मीटरला दर वर्षी किलोकॅलरीत आहेत. सूर्यापासून सुमारे १७,००,००० मिळतात. त्यांतील ४,१०,००० वनस्पती शोषतात आणि २०,८१० चे अन्न तयार होते, म्हणजे एकूण प्रकाशाच्या सुमारे १.२ टक्के. यातील ११,९७७ वनस्पतींच्या स्वतःच्या श्वसनातच जातात. उरलेल्या ८,८३३ पैकी ३,३६८ शाकाहारी प्राण्यांकडे, त्यांच्याकडून ३८३ मांसाहाऱ्यांकडे व २१ सर्वोच्च भक्षकांकडे पोचतात. विघटकांकडे ५,०६० जातात. हा आकडा शाकाहाऱ्यांच्या वाट्यापेक्षा मोठा आहे, आणि अन्नसाखळीच्या नेहमीच्या आकृत्यांत विघटकांना कोपऱ्यात बसवणे किती गैर आहे ते यावरून कळते.

जमेच्या बाजूला आणखी एक रक्कम आहे : ४८६. पर्यटक माशांना पाव टाकत. तो चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे १२० ग्रॅम भरला, आणि ओडम यांनी तो बाहेरून आलेले अन्न म्हणून रीतसर नोंदवला. खर्चाच्या बाजूला सर्व जीवांचे मिळून श्वसन १८,७९६ आणि प्रवाहाबरोबर वाहून जाणारे सेंद्रिय द्रव्य २,५०० आहे. दोन्ही बाजूंची बेरीज २१,२९६ येते. निसर्गातील मोजमापात इतका जुळणारा ताळा साहजिकच काही गृहीतांवर उभा असतो, तरी मांडणीचे मोल त्याने कमी होत नाही.

दहा टक्क्यांचा नियम : एका पातळीवरून पुढच्या पातळीवर दहा टक्के ऊर्जा जाते, असे शालेय पुस्तकांत शिकवले जाते. वरील आकड्यांवरून, उत्पादकांसाठी २०,८१० धरल्यास, हे प्रमाण अनुक्रमे १६, ११ व ५.५ टक्के पडते. रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये मिनेसोटातील सीडर बॉग तळ्यासाठी १३.३ व २२.३ टक्के दिले होते, आणि तेथे प्रमाण वरच्या पातळीवर वाढते. दहा हा आकडा अंदाजापुरता ठीक. त्याला नियम म्हणणे योग्य नाही.

जैवभार : चौरस मीटरला कोरड्या वजनाने उत्पादक ८०९, शाकाहारी ३७, मांसाहारी ११, सर्वोच्च भक्षक १.५ व विघटक ५ ग्रॅम. विघटक वजनाने इतके थोडे असूनही वर दिलेली ऊर्जा हाताळतात.

पोषकद्रव्ये : ऊर्जा एका दिशेने वाहते व द्रव्य चक्रात फिरते, हे सर्वमान्य विधान या झऱ्याला जेमतेम लागू पडते, कारण नायट्रोजन व फॉस्फरस जमिनीखालून सतत येतात आणि पाण्याबरोबर निघून जातात.

नंतरचे बदल : १९६८ मध्ये ओक्लावाहा नदीवर रॉडमन धरण पुरे झाले आणि खालून वर येणाऱ्या माशांची वाट अडली. त्यांत कोकणात बोईट म्हणून ओळखला जाणारा मासाही होता. झऱ्यातील माशांचा जैवभार पुढे बराच घटला. भूजलातील नायट्रेट वाढून लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर गेले. खते, जनावरांचे शेण व घरगुती सांडपाणी ही त्याची कारणे मानली जातात. प्रवाहही पूर्वीपेक्षा मंदावला आहे. उत्पादकता घटल्याचे पुढच्या मापनांत आढळले, पण ती नायट्रेटमुळे की प्रवाह घटल्यामुळे, याबद्दल एकमत नाही. झऱ्याचा परिसर २०१३ पासून राज्य उद्यान आहे.