शाखा उघडण्यापूर्वी

१९९५ साली आलेल्या विंडोज ९५ या प्रणालीने जी वृक्षाकार यादी सर्वपरिचित केली, तिच्यात पोटशाखा असलेल्या प्रत्येक शाखेपाशी अधिकाचे चिन्ह असते. ते दाबताच आज्ञावलीला दोन वर्द्या मिळतात, एक शाखा उघडण्यापूर्वी आणि दुसरी उघडल्यानंतर. सारा वृक्ष आरंभीच भरला तर यंत्र मंदावते, म्हणून पहिली वर्दी येताच त्या शाखेच्या पोटातील नोंदी दप्तरातून आणून मांडण्याचा प्रघात आहे. तोवर चिन्ह दिसावे एवढ्यासाठी शाखेखाली पुष्कळदा एक पोकळ नोंद ठेवलेली असते. ती काढून खऱ्या नोंदी घालण्याचे राहून गेले, तर शाखा उघडते खरी, पण हाती काहीच लागत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकशाच्या अरण्यप्रदेशाचा प्रशासकीय इतिहास मला या रचनेच्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसतो. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ साली चांदा हा इंग्रजी अमलातील जिल्हा झाला. १९०५ साली ब्रह्मपुरी व चांदा तहसिलींतील जमीनदारी मुलूख वेगळा काढून गडचिरोली तहसील निर्माण झाली. १९५६ साली हा प्रदेश मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. दप्तरात शाखेमागून शाखा फुटत गेली, परंतु इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम यांच्या संगमाकडील माडिया गोंडांपर्यंत औषध, अक्षर आणि वाट पोहोचण्यास त्या नोंदी पुरेशा नव्हत्या.

ती उणीव भरून काढण्याचा आरंभ शासकीय फेरफाराने झाला नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथेच संसार थाटला, माडिया बोली शिकून रुग्णांचा विश्वास संपादन केला, आणि १९७६ साली शाळाही सुरू झाली. जिल्ह्याची पाटी लागण्याच्या कितीतरी आधी, विजेचीही सोय नसलेल्या त्या रानात, दवाखाना आणि शाळा उभी राहिली होती.

नव्या तालुक्यांची व जिल्ह्यांची मागणी आजही होते, आणि दूरच्या रयतेच्या दृष्टीने ती रास्तही असते. मात्र सीमा आखण्याची अधिसूचना काढण्यापूर्वीच दवाखाना, शाळा, बारमाही रस्ता आणि तेथली बोली जाणणारा अंमलदार यांची तजवीज झाली पाहिजे, हा आग्रह नागरिकांनी सोडता कामा नये.