वरातीतला जॅझ

आमच्या हिंगोलीत वरातीचा बँड 'भोली सूरत' वाजवल्याशिवाय पुढे सरकत नसे. गाणं कुणाचं विचारलं, की उत्तर ठरलेलं: भगवानदादाचं! परवा 'अलबेला' (१९५१) पुन्हा पाहिला आणि 'दीवाना परवाना'मधल्या झालरीच्या बाह्यांच्या वादकांवर अडकलो. त्यातला ट्रंपेटवाला चिक चॉकलेट. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईत ताजमध्ये जॅझ वाजवायचा. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना असे गोवेकर हवेच असत, कारण चर्चच्या शाळेत ते पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले. चाल एकाची, कोडिंग दुसऱ्याचं म्हणा ना! आणि क्रेडिट? तुम्ही आयटीत असाल तर सांगायला नको. 'नादान' (१९५१) मात्र स्वतंत्रपणे त्याचा. १९६७ मध्ये तो गेला.