कडुनिंबाचे एकस्व : वनस्पतिज कीडनाशकांच्या इतिहासातील पुराव्याचा प्रश्न

रासायनिक कीडनाशकांवाचून पिकाचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न अलीकडे ज्या वनस्पतींच्या संदर्भात नव्याने उपस्थित झाला, त्यांत भांगेचे झाड ही एक होय. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून अंमलात आलेल्या कायद्याने बहुतेक प्रांतांतील कुटुंबांस घरी चार झाडे लावण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या कृषि-कायद्याने ०.३ टक्क्यांहून अधिक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल नसलेले, 'हेंप' ह्या नावाने ओळखले जाणारे पीक निर्बंधमुक्त केले. उघड्यावर वाढणाऱ्या ह्या झाडास मावा, लाल कोळी, बोंडअळी व भुरी ह्यांचा उपद्रव होतो. परंतु त्याची फुले ओढण्यासाठी वापरली जात असल्यामुळे फवारलेल्या औषधाचा अंश थेट फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. म्हणून वनस्पतिज व जैविक औषधांकडे लक्ष वळणे स्वाभाविकच होते. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेने हेंपच्या पिकासाठी जी दहा कीडनाशके मान्य केली, त्यांपैकी नऊ जैविक स्वरूपाची असून त्यांत कडुनिंबापासून केलेल्या औषधांचाही समावेश होता. भारतात ह्या झाडाच्या विनापरवाना लागवडीस १९८५ च्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा ह्या प्रकरणाशी भारताचा, विशेषतः महाराष्ट्राचा, जो खरा संबंध पोहोचतो तो पिकामुळे नव्हे, तर त्यावरील औषधामुळे होय.

हे औषध 'भारतात हजारो वर्षांपासून ठाऊक आहे' असे विधान सर्रास केले जाते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. कोणास, कोणत्या कामासाठी व कोणत्या स्वरूपात ठाऊक होते, हे प्रथम विचारावे लागते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात झाडाचा रोगट भाग शस्त्राने काढून टाकून वावडिंग, तूप व चिखल ह्यांचा लेप देण्यास सांगितले आहे. सुमारे इ. स. १००० च्या सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' ह्या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून मिळवून त्याचा नलिनी साधले ह्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये सिकंदराबाद येथे प्रसिद्ध झाला. वात, पित्त व कफ ह्या त्रिदोषांची उपपत्ती ह्या ग्रंथाने वनस्पतींच्या रोगांस लावलेली आहे. वनस्पतींच्या रोगांचा शास्त्रीय विचार आपल्याकडे प्राचीन काळी झाला होता, हे ह्या ग्रंथांवरून निर्विवाद सिद्ध होते. परंतु निंबोळीच्या तेलाची पिकावर फवारणी करावी, असे विधान त्यांतून सिद्ध होत नाही.

ग्रंथांबाहेरची परंपरा निराळी आहे. धान्याच्या कणगीत लिंबाचा पाला घालणे, कपड्यांच्या घड्यांत तो ठेवणे, निंबोळीची पेंड शेतात घालणे ह्या रीती सर्वपरिचित आहेत. तथापि ह्यांपैकी प्रत्येक रीतीचा हेतू वेगळा. साठवणीतील किडा दूर ठेवणे, जमिनीचा कस वाढविणे व उभ्या पिकावरील बुरशीचा नाश करणे ह्या तीन गोष्टी एक नव्हेत. त्यांची सरमिसळ केल्यास अभिमानास समाधान लाभते, पण प्रमाण दुबळे होते. पुढे घडलेल्या वादात ह्याच भेदास निर्णायक महत्त्व आले.

आधुनिक संशोधनाचा क्रम बराच स्पष्ट आहे. १९४२ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दिकी ह्यांनी लिंबाच्या तेलातून तीन कडू द्रव्ये वेगळी केली. १९५९ मध्ये सुदानात टोळधाडीने सर्व हिरवळ फस्त केली असता लिंबाची झाडे तेवढी शाबूत राहिल्याचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर ह्यांच्या ध्यानात आले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत प्रधान, जोतवाणी व राय ह्यांनी निंबोळीच्या मगजाचे पाण्यातील विरल मिश्रण पिकांवर फवारले, तेव्हा टोळ त्यांवर बसले, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत. १९६८ मध्ये बटरवर्थ व मॉर्गन ह्यांनी ह्या परिणामास कारण असणारे अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे केले. त्याची संपूर्ण रचना निश्चित होण्यास १९८५ साल उजाडले. आणि प्रयोगशाळेत ते घडविण्यात केंब्रिजच्या स्टीव्हन ले ह्यांच्या गटास यश आले ते २००७ मध्ये. हे द्रव्य किडीची भूक मारते व तिला कात टाकू देत नाही. मात्र उन्हात ते लवकर विघटित होते. शेतकऱ्यास निंबोळीचा अर्क ताजा करावा लागतो व फवारणी पुनःपुन्हा करावी लागते ती ह्याच कारणाने. ते टिकाऊ करून बाटलीत भरणे हा साहजिकच उद्योगधंद्याच्या आस्थेचा विषय झाला.

अमेरिकेच्या डब्ल्यू. आर. ग्रेस ह्या कंपनीने साठवणीत टिकणाऱ्या अझाडिरॅक्टिनच्या द्रावणासंबंधी अमेरिकेत एकस्वे मिळविली. ह्यांहून वेगळे असे एक युरोपीय एकस्व, क्रमांक ०४३६२५७, ह्याच कंपनीस व अमेरिकेच्या कृषि-खात्यास १४ सप्टेंबर १९९४ रोजी संयुक्तपणे देण्यात आले. जलविरोधी द्रावकाने काढलेले, अझाडिरॅक्टिन जवळजवळ नसलेले ०.१ ते १० टक्के लिंबाचे तेल व थोडे पायसकारक द्रव्य पाण्यात मिसळून वनस्पतींवरील बुरशीचा बंदोबस्त करण्याची पद्धती हा त्याचा विषय होता. म्हणजे युरोपातील वाद किडीचा नसून बुरशीचा होता, आणि लिंबाच्या झाडाच्या मालकीचा तर मुळीच नव्हता. वृत्तपत्रांतील चर्चेत ह्या गोष्टी एकत्र मिसळून गेल्या.

जून १९९५ मध्ये युरोपीय संसदेतील हरित पक्षाचा गट, वंदना शिवा व सेंद्रिय शेतीचा आंतरराष्ट्रीय महासंघ ह्यांनी ह्या एकस्वास हरकत घेतली. म्युनिक येथे ९ व १० मे २००० रोजी सुनावणी होऊन ते रद्द ठरविण्यात आले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, निकालाचा पाया प्राचीन ग्रंथ हा नव्हता. पुण्यातील उद्योजक अभय फडके ह्यांनी साक्ष दिली, आणि १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणे व सांगली जिल्ह्यांतील दोन शेतकऱ्यांच्या शेतांवर अशा तेलाचा प्रत्यक्ष वापर झाल्याचे हरकत-विभागाने ग्राह्य धरले. पद्धती आधीच लोकांत उघड झाली असल्यामुळे तीत नावीन्य उरले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कंपनीचे अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

हा पुरावा ग्राह्य होऊ शकला, ह्याचे कारण युरोपीय कायद्याच्या घडणीत आहे. त्या कायद्यान्वये जगात कोठेही, लेखाने, तोंडी वर्णनाने अथवा वापराने लोकांपुढे आलेली गोष्ट पूर्वज्ञात समजली जाते. अमेरिकेचा कायदा त्या काळी असा नव्हता. परदेशातील नुसता वापर तेथे प्रमाण मानला जात नसे. छापील लेख अथवा आधीचे एकस्व दाखवावे लागे. २०११ च्या सुधारणेने, मार्च २०१३ पासून, ही मर्यादा दूर झाली. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाविषयी १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठास मिळालेले अमेरिकी एकस्व १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हा रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेस बत्तीस लेखी संदर्भ सादर करावे लागले होते. घरोघर चालत असलेला उपचार तेथे स्वतःच्या बळावर उभा राहू शकला नाही. त्यास कागदाचा आधार घ्यावा लागला. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह उभारण्यास आरंभ झाला तो ह्याच अनुभवातून.

ह्या विजयाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. युरोपातील निर्णयाने अमेरिकेतील अझाडिरॅक्टिनविषयक एकस्वांना बाध आला नाही. ती वेगळ्या शोधासंबंधी होती व त्यांतील टिकाऊपणाचे तंत्र कणगीतल्या पाल्याने पूर्वज्ञात ठरत नव्हते. शिवाय अंकीय संग्रहाचा भर मुख्यतः ग्रंथबद्ध वैद्यकावर आहे. ज्या ज्ञानाने म्युनिकचा वाद जिंकला ते मात्र कोणत्याही पोथीत नव्हते. दोन शेतांवर दोन उन्हाळ्यांत घडलेली, साक्षीने सांगितलेली ती गोष्ट होती. ती सांगणारा माणूस वेळेवर मिळाला नसता तर निकाल कोणत्या आधारावर लागला असता, हे सांगणे कठीण आहे.

शेतीच्या इतिहासाच्या अभ्यासकास ह्यावरून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, परंपरेचा दावा करताना वापराचा हेतू, भाग, प्रमाण व कृती हे तपशील वेगवेगळे नोंदविले पाहिजेत; पाला, पेंड, मगज व तेल ह्यांना एकाच वाक्यात बसविणे उपयोगी नाही. दुसरी अशी की, कृषि-खात्याची पत्रके, बी-खतांच्या दुकानदारांच्या वह्या, फवारणीची टिपणे आणि शेतकऱ्यांच्या तारीखवार साक्षी ही पोथ्यांइतकीच जपण्याजोगी साधने होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निंबोळीचा अर्क ज्यांनी स्वतः करून वापरला, ती पिढी आज वृद्ध झाली आहे. तिच्याकडील माहिती स्थळ-काळासह नोंदविण्याचे काम विद्यापीठांच्या इतिहास-विभागांनी हाती घेणे अगत्याचे आहे.