रेडिओच्या वायर अँटेनाला कोणती पिन लावायची?

जळगावच्या पिंप्राळ्यात एखाद्याने गच्चीवर दहा मीटर वायर ताणली, टोक खिडकीतून आत आणले. आता ते रेडिओला जोडायचे कसे? दुकानात नुसते ‘अँटेनाची पिन द्या’ म्हटले, तर टीव्हीची, डिशची किंवा इअरफोनची, यापैकी कोणतीही पिन हातात पडू शकते. एकीच्या सॉकेटमध्ये दुसरी बसत नाही. त्यामुळे दुकानात जाताना रेडिओच सोबत नेलेला बरा.

आधी छिद्र ओळखा

हातात मावणाऱ्या शॉर्टवेव्ह रेडिओला बाहेरच्या अँटेनासाठी सॉकेट असेल, तर ते बहुधा ३.५ मिलिमीटरचे असते. इअरफोनचे छिद्रही तेवढेच असते आणि अनेकदा शेजारीच असते. बाजूची अक्षरे वाचूनच पिन घाला. या सॉकेटला मोनो पिन लागते. तिच्यावर एकच काळी रेघ असते. अँटेनाची वायर पुढच्या टोकाला जोडायची आणि मागचा भाग अर्थसाठी ठेवायचा. उलटे जोडले तर सिग्नल नीट मिळत नाही.

खराब इअरफोनची पिन कापून वापरता येते, पण त्यात दोन अडचणी आहेत. ती स्टिरिओ असते, म्हणजे तिच्यात मधली एक पट्टी जास्त असते. वायर चुकून त्या पट्टीला लागली, तर मोनो सॉकेटमध्ये ती पट्टी अर्थला टेकते आणि लोक रेडिओच बिघडला असे समजतात. शिवाय आतल्या केसासारख्या तारांवर लाखेचा थर असतो. तो खरवडल्याशिवाय जोड लागत नाही.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओमागे अँटेना आणि अर्थ अशी दोन छिद्रे किंवा स्क्रू असतात. तिथे बनाना पिन किंवा सोललेली वायर पुरते. कार रेडिओची पिन वेगळीच असते. काही टेबल रेडिओंना टीव्हीची गोल पिन चालते, तर मोठ्या रिसीव्हरला बीएनसी किंवा पीएल-२५९ लागते. अ‍ॅडॉप्टर फक्त आकार बदलतो. महागडा घेतला म्हणून आवाज सुधारत नाही.

सॉकेटच नसेल तर? वायरच्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप लावून ती रेडिओच्या दांडी-अँटेनाला चिमटवा. निम्म्या लोकांचे काम एवढ्यात होईल.

आकाशवाणी जळगावसाठी पिन लागते का?

आकाशवाणीच्या जळगाव केंद्राची मध्यम लहर ९६३ किलोहर्ट्झची. ही लहर सुमारे ३११ मीटर लांबीची असते आणि छोटे रेडिओ ती आतल्या फेराइटच्या काडीवर पकडतात. अनेक रेडिओंत बाहेरचे सॉकेट या काडीला जोडलेलेच नसते, मग पिन कितीही चांगली असली तरी फरक पडत नाही. आधी रेडिओ आडवा फिरवून पाहा, कारण काडीला दिशा असते. तरीही आवाज क्षीण वाटला, तर वायरचे आठ-दहा वेढे रेडिओभोवती काडी असलेल्या जागी घाला आणि उरलेले टोक जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळीला जोडा. यात पिन लागतच नाही.

एफएमचे गणित वेगळे. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास ७५ सेंटिमीटर वायर पुरते. मोबाइलमधला एफएम इअरफोन मागतो, कारण इअरफोनची वायरच त्याची अँटेना असते.

अर्थची वायर घरातल्या विजेच्या बोर्डातल्या छिद्रात कधीच घालू नका. रेल्वेगेटच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर वायर रुळांच्या दिशेने नेऊच नये, रुळांवरच्या तारांत २५ हजार व्होल्ट असतात. महावितरणच्या तारांपासूनही इतके दूर राहा की वायर तुटून पडली तरी तिथे पोहोचणार नाही. वळवाच्या पावसाआधी ढग गडगडू लागायच्या आतच पिन काढून वायरचे टोक घराबाहेर टाकावे. रेडिओ नुसता बंद केला तर वायर जोडलेलीच राहते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र वायरला हात लावायला जाऊ नका.