बरसातीचं दार

अनुवाद करताना 'बरसाती' या शब्दापाशी मी हमखास अडते. 'गच्चीवरची खोली' लिहिलं की वस्तू कळते, दिल्ली निसटते. फाळणीनंतर वाढलेल्या तिथल्या वसाहतींत घरावर शेवटचा मजला अर्धाच चढवत. खाली घरमालक, वर एखादी खोली आणि बाकी मोकळी गच्ची. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात गारठा, म्हणून भाडं बेताचं. विद्यार्थी, चित्रकार, नवखे पत्रकार तिथे टिकायचे.

सई परांजपे यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतलं, पुढे तिथल्या दूरदर्शनवर काम केलं. त्यांचा १९८१चा 'चश्मे बद्दूर' या बरसातीतल्या तीन मित्रांचा. एक पुस्तकात बुडालेला, दोघे पोरींच्या मागे, आणि लल्लन मियाँच्या दुकानात सिगारेटची उधारी थकलेली. मोठं होण्याच्या गप्पा मारतात ती ही पोरं. पण दारोदार फिरून 'चमको' पावडर विकते नेहा, आणि वर गाणंही शिकते. हा तपशील प्रेमकथेच्या गडबडीत आपण विसरतो.

दोनच वर्षांनी आलेला 'कथा' मुंबईच्या चाळीत घडतो. मूळ नाटक मराठी, एस. जी. साठे यांचं 'ससा आणि कासव'. फारुख शेख आणि दीप्ती नवल इथेही आहेत, पण प्रेमाची चाल निराळी. चाळीत कुणाचं मन कुणावर जडलं हे सामाईक गॅलरीला आधी कळतं. बरसातीत शेजारच नाही. म्हणून अनोळखी मुलगी जिना चढून दार ठोठावू शकते. आणि म्हणूनच मित्रांनी तिच्याबद्दल मारलेल्या थापा सिद्धार्थला खऱ्या वाटतात, त्या खोडायला कुणी नसतं. (चाळ तरी कुठे शहाणी? बाशूच्या थापांवर तिथे अख्खी चाळ भुलते.)

५ एप्रिल २०१३ला 'चश्मे बद्दूर'ची दुरुस्त केलेली प्रत थिएटरांत आली, त्याच दिवशी डेव्हिड धवन यांची नवी आवृत्तीही. नव्या चित्रपटातले मित्र गोव्यात राहतात. दिल्लीत तोवर कित्येक जुनी घरं पाडून तिथे 'बिल्डर फ्लोअर' उभे राहिले होते, आणि वरचा तो अर्धा मजला पुरा झाला होता.