चौसष्ट हमाल, एक काटा : प्रोसेसरच्या निवडीची चाळीस वर्षे

गेल्या वर्षी श्रावणात लातूरहून एका जुन्या मित्राचा फोन आला. त्याचा शिकवणी वर्ग आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता त्याचे काही हजार विद्यार्थी एकाच वेळी ऑनलाइन सराव परीक्षेला बसतात. लागोपाठ तीन रविवारी परीक्षा संपता संपता त्याचा सर्व्हर अडकला होता. उत्तरे जमा झाली की नाही ते मुलांना कळेना आणि पालकांचे फोन थांबेनात. आता त्याच्यापुढे दोन कोटेशने होती. एकात ६४ कोअरचा प्रोसेसर होता. दुसऱ्यात ३२ कोअरचा, पण त्यातला एकेक कोअर अधिक वेगवान. मित्र म्हणाला, “चौसष्टचं घेऊ का बत्तीसचं? पोरं वाढायलीत, सांग की.”

मी नांदेडला संगणक दुरुस्तीचे दुकान चालवत तीस वर्षे काढली. पदवी इतिहासाची, संगणक जेवढा कळतो तेवढा उघडून आणि बिघडवून कळलेला. महाराष्ट्रात महासंगणक कसे आले याची कात्रणे जमवण्याचा मला जुना नाद आहे. मित्राला उत्तर देण्याआधी मी तीच फाइल काढली. कारण त्याचा प्रश्न नवा नव्हता. एक की दोन, थोडे की पुष्कळ, हा वाद आपल्या देशात पावसाच्या निमित्ताने सुरू झाला होता.

१९८७ साली देशात मोठा दुष्काळ पडला. हवामानाच्या अंदाजासाठी मोठा संगणक हवा, ही निकड तेव्हा तीव्र झाली. भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा ‘एक्स-एमपी/२४’ मागितला होता. या नावातला पहिला आकडा प्रोसेसरची संख्या सांगतो, दुसरा स्मृतीची क्षमता. म्हणजे मागणी दोन प्रोसेसरच्या यंत्राची होती. हे यंत्र शस्त्रांच्या कामीही येईल ही अमेरिकेची धास्ती होती. अखेर मिळाला तो ‘एक्स-एमपी/१४’, एका प्रोसेसरचा. तो दिल्लीत बसला आणि त्याच्या वापरावर अटी लागल्या. दोनाऐवजी एक प्रोसेसर देणे हा तेव्हा परराष्ट्र धोरणाचा भाग होता, हे आज आपल्या खिशातल्या आठ कोअरच्या फोनकडे पाहून खरे वाटत नाही.

याच काळात, १९८८ साली, पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. क्रेसारखा एकच बलाढ्य प्रोसेसर बनवणे आवाक्यात नव्हते. मग पुण्याच्या मंडळींनी उलटी वाट धरली आणि पुष्कळ साधे प्रोसेसर एकत्र जुंपले. त्यासाठी त्यांनी ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्यूटर निवडला. या चिपवर शेजाऱ्याशी बोलण्यासाठी चार जोडण्या मुळातच होत्या. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला, तो या बळावर.

इथे एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आणून दिली पाहिजे. प्रोसेसर वाढवले की काम त्याच पटीत वाढते असे नाही. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की आडतदार हमाल वाढवतो. पण काटा एकच असेल, तर चौसष्ट हमालही पोती पाठीवर घेऊन काट्यापुढे रांगेतच उभे राहतात. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली हेच गणितात मांडले. समजा, कामाचा दहावा हिस्सा वाटून देता येत नाही. मग ३२ कोअरवर ते काम एका कोअरच्या ७.८ पट वेगाने होते आणि ६४ कोअरवर ८.८ पट. कोअर दुप्पट झाले, वेग जेमतेम बारा-तेरा टक्क्यांनी वाढला. आणि कोअर कितीही लावा, दहापटीच्या पुढे जाता येत नाही.

परमच्या पुढच्या इतिहासात आणखी एक धडा आहे. १९८९ सालीच इनमॉस दुसऱ्या कंपनीकडे गेली होती. नंतर ट्रान्सप्यूटरची पुढची पिढी रखडली आणि ती चिप मागे पडली. ‘परम ८६००’मध्ये इंटेलची आय८६० आली, तीही इंटेलने पुढे चालवली नाही. ‘परम ९०००’मध्ये सुपरस्पार्क आणि अल्फा आल्या, २००३च्या सुमारास ‘परम पद्म’मध्ये आयबीएमची पॉवर४. प्रत्येक वेळी चिपची भाषा बदलली आणि आधीच्या चिपसाठी घोटून बसवलेले प्रोग्रॅम नव्या यंत्रावर पुन्हा बसवावे लागले. प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसा द्यावा याचे ‘एमपीआय’ हे सामाईक मानक १९९४ साली ठरले, तेव्हा हा त्रास कमी झाला.

दुसरी सोय झाली ती एका व्यापारी करारामुळे. आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलची चिप घेतली, पण एकाच पुरवठादारावर विसंबायला ती तयार नव्हती. म्हणून १९८२ साली इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला आणि एकाच भाषेत बोलणाऱ्या चिप दोन कंपन्या बनवू लागल्या. पुढे दोघींत कोर्टकचेऱ्या झाल्या, पण भाषा एकच राहिली. २००३ साली एएमडीने त्या भाषेचा ६४ बिटांचा विस्तार ऑप्टेरॉन चिपमध्ये आणला, तेव्हा वर्षभरात इंटेललाही तो स्वीकारावा लागला. आज माझ्या मित्राच्या टेबलावर दोन कोटेशने येतात, त्याचे मूळ इथे आहे. जिथून निघता येत नाही तिथे निवड नसते.

या निवडीचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यातच पाषाणला आहे. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८मध्ये ‘प्रत्यूष’ सुरू झाला. त्यात इंटेलच्या १८ कोअरच्या झिऑन चिप होत्या आणि एकूण कोअर एक लाख १९ हजारांच्या वर. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याच संस्थेत ‘अर्का’चे लोकार्पण झाले. त्यात एएमडीच्या ४८ कोअरच्या एपिक चिप आहेत. प्रत्यूषची क्षमता ४ पेटाफ्लॉप्स होती, अर्काची ११.७७.

आता चिपच्या त्याच मालिकेत ६४ कोअरचीही चिप होती. मग ४८ कोअरची का? मी माझ्या वहीत एक साधा भागाकार केला. हवामानाच्या गणितात कोअरला स्मृतीतून सतत आकडे आणावे लागतात, त्यामुळे तिथे काटा म्हणजे स्मृतीकडे जाणारी वाट. प्रत्यूषच्या चिपला अशा ४ वाटा, त्यांतून सेकंदाला जास्तीत जास्त ७६.८ गिगाबाइट माल येतो. १८ने भागले की प्रत्येक कोअरच्या वाट्याला ४.२७. अर्काच्या चिपला ८ वाटा, माल २०४.८ गिगाबाइट. ४८ने भागले की उत्तर पुन्हा ४.२७! कोअर वाढले, पण कोणाच्या पानात कमी पडले नाही. ६४ कोअरच्या चिपमध्ये हाच वाटा ३.२वर येतो. निवडीमागे वीज, किंमत अशी इतरही गणिते असतात, पण हा भागाकार मला पुष्कळ काही सांगून गेला.

याचा मराठवाड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आधीचे जागतिक प्रारूप पृथ्वीवर सुमारे १२ किलोमीटरची जाळी टाकून पाऊस मोजायचे. म्हणजे एक चौकट १४४ चौरस किलोमीटरची. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ची जाळी ६ किलोमीटरची आहे, म्हणजे चौकट ३६ चौरस किलोमीटरची. जाळी निम्मी केली की चौकटी चौपट होतात. शिवाय वेळेचे टप्पेही निम्मे घ्यावे लागतात, म्हणून साध्या हिशेबाने काम आठपट. यंत्राची क्षमता मात्र तिप्पटही वाढलेली नव्हती. त्यामुळे संशोधकांनी जाळीची घडणच बदलली. नुसते हमाल वाढवून भागणार नव्हते, काट्याची मांडणीही बदलावी लागली.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते आपण पाहिले. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पाण्याने गावे वेढली, हेही पाहिले. आपल्याकडे एका महसूल मंडळात अतिवृष्टी आणि शेजारच्यात कोरडे रान असते. १४४ चौरस किलोमीटरच्या चौकटीत हा फरक दिसत नाही, तो बुजून जातो.

फाइल मिटवून मी लातूरला गेलो. त्या रविवारी मित्राच्या जुन्या सर्व्हरसमोर बसलो. त्याचे २४ कोअर होते. परीक्षा संपण्याच्या वेळी त्यांतले बहुतेक रिकामे दिसले. सगळी उत्तरे डेटाबेसच्या एकाच तक्त्यात, एकाच जुन्या हार्ड डिस्कवर, एकापाठोपाठ एक लिहिली जात होती. काटा तिथे होता. त्यात डेटाबेसचा परवाना कोअर मोजून आकारला जाणारा. ६४ कोअर घेतले असते तर रिकाम्या बसलेल्या हमालांचीही हजेरी भरावी लागली असती.

मित्राने ३२ कोअरचा सर्व्हर घेतला. वाचलेल्या पैशांत स्मृती दुप्पट केली, वेगवान एसएसडी घेतल्या आणि उत्तरे दर मिनिटाला थोडी थोडी जमा होतील असा बदल प्रोग्रॅममध्ये करून घेतला. दिवाळीनंतरच्या परीक्षा नीट पार पडल्या.

या सप्टेंबरात त्याचा पुन्हा फोन आला. मला वाटले, सर्व्हर अडकला. पण त्याला औशाकडच्या शेतातल्या सोयाबीनची काळजी होती. पीक काढणीला आले होते आणि आभाळ उतरले होते. “उद्या किती पडंल, बघ बरं,” तो म्हणाला. मी हवामान खात्याचा अंदाज उघडला आणि त्याला तालुक्याचा आकडा वाचून दाखवला.